मामाजी, मी आणि पंचवीस रुपयांचं पोकर

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, रेल्वेत गार्ड होते. शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा दाखवणं हे त्यांचं काम, पण स्वभाव लाल झेंड्याचा. सगळं ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत एक गाडी हलू दिली नाही, आणि निवृत्त झाल्यावर तोच नियम आमच्या गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घराला लावला. गॅस कोणी बंद केला, गेटची कडी कोणी लावली, टाकीचं पाणी कोणी पाहिलं, हे सगळं ते खुर्चीतून विचारतात. उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारतात, कारण उत्तर देणाऱ्यावर भरवसा नाही.

अशा माणसाबरोबर मी जवळजवळ तीन वर्षं दर रविवारी दुपारी मोबाइलवर पोकर खेळले. हे मी कॉलेजात कोणाला सांगत नाही. तिरोड्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी गणित शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवले तितके पैसे, आणि दिवाळी-उन्हाळ्यात मी नावाची कोणी शिक्षिका अस्तित्वात नसते. अकरा वर्षं मी अशी अधूनमधून अस्तित्वात आहे. बारावीला संभाव्यता शिकवताना मी फळ्यावर लाल आणि निळे चेंडू काढते. पत्ते काढत नाही. पालकांना काय वाटेल!

सुरुवात मामाजींच्या डोळ्यांपासून झाली. त्यांची रमीची चौकडी होती, सगळे रेल्वेतले. रोज दुपारी एकाच्या अंगणात डाव पडायचा. एक जण मुलीकडे रायपूरला गेला, एक वारला, आणि तिसऱ्याला कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे सगळे आपल्याला फसवतात अशी त्याची खात्री झाली. एवढ्यात मामाजींच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. माणूस दिसतो, दार दिसतं, पण पत्त्यावरचा आकडा दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर टिकवा. मग मामाजी दिवसभर खुर्चीत बसून आम्हाला टिकवू लागले.

दिवसातून पन्नास वेळा गेटच्या कडीची चौकशी ऐकून मी हतबल झाले आणि मोबाइलवर त्यांच्यासाठी रमीचं ॲप शोधायला गेले. रमीच्या शेजारी पोकर होतं. तेरा पत्ते वाचून दाखवण्यापेक्षा दोन वाचणं सोपं, एवढ्याच कारणाने मी पोकर निवडलं. सासऱ्यांच्या सेवेत सुनेने शॉर्टकट शोधला, असंही म्हणता येईल.

खेळ साधा आहे. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मध्ये एकेक करत पाच उघडे. ज्याचा मेळ सगळ्यांत भारी, त्याला मधला ढीग. आम्ही खेळायचो त्या स्पर्धेची फी पंचवीस रुपये. ती भरली की सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. चार-पाचशे लोक बसतात, त्यातले शेवटचे पन्नासेक बक्षिसात येतात, आणि अगदी शेवटी उरणाऱ्याला आमच्या घरात ज्याला रक्कम म्हणता येईल असं काही मिळतं. एक गोम आहे. ठरावीक डावांनंतर प्रत्येकाला काही चिप्स सक्तीने मध्ये ठेवाव्या लागतात, आणि ही सक्ती दर दहा मिनिटांनी वाढते. म्हणजे तुम्ही शहाण्यासारखे गप्प बसलात तरी वितळत जाता.

मामाजींनी नियम ऐकले आणि लगेच स्वतःची पद्धत बसवली.

"काय आले?"

"किलवरचा राजा, बदामाची नव्वी."

"चिडी म्हन, लालपान म्हन. किलवर-बदाम काय करतेस? फेक."

"मामाजी, पत्ते बरे आहेत."

"बरे हायेत, मस्त नाई. फेक."

दोन एक्के आले तरच ते "लाव" म्हणायचे, आणि तेही आधी मला दोनदा वाचायला लावून. बाकी सगळं फेक. अशाने आम्ही कधीकधी बक्षिसाच्या उंबरठ्यावर पोचायचो, चार चिप्स पदराशी धरून. तिथे सगळेच घाबरून पत्ते फेकतात, कारण अजून दोघं-तिघं बाहेर गेले की उरलेल्यांना फी परत मिळून वर थोडं काहीतरी मिळतं. मामाजींचा तो आवडता भाग. अख्खा देश त्यांच्यासारखा वागतोय, याचं त्यांना समाधान वाटायचं. दोन तास बसून आम्ही पंधरा रुपये कमावले त्या दिवशी त्यांनी चहात साखर जास्त घ्यायची परवानगी मागितली.

मला ते सहन होईना. मी गणिताची बाई. मी पुस्तकं वाचली, तक्ते काढले, कॉलेजच्या बसमध्ये आकडेमोड केली. मला कळलं, की खेळातले मोठे निर्णय सोपे असतात. दोन एक्के आले की लावायचे आणि दुर्री-सत्ती आली की फेकायची, हे कोणालाही जमतं. खरा खेळ काठावरच्या पत्त्यांत आहे. शंभरातून त्रेपन्न वेळा आपलं भलं आणि सत्तेचाळीस वेळा वाटोळं, अशा जागी जो हिंमत करतो त्याचं पुढे जाऊन बरं होतं. मी हे मामाजींना समजावलं.

"अन् ते सत्तेचाळीस वेळा?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा बाहेर."

"मंग दुसरी गाडी येईल ना. हेच गाडीले लटकून कायले जायचं?"

"दुसरी गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मचं तिकीट वाढत जातं, मामाजी."

हे त्यांना बोचलं, कारण ते रेल्वेच्या भाषेत होतं. त्यांनी मला तीन रविवार दिले. पहिल्या रविवारी मी अकराव्या मिनिटाला बाहेर. दुसऱ्या रविवारी जरा प्रगती झाली, विसाव्या मिनिटाला. तिसऱ्या रविवारी भात खाऊन हात पुसेपर्यंत खेळ संपला. दर वेळी मी हिशेब तपासला आणि दर वेळी माझा निर्णय बरोबर निघाला.

"गनित बरोबर हाय," मामाजी म्हणाले, "अन् आपून भायेर हाओत."

नवऱ्याला हे सगळं बँकेच्या मेसेजमधून कळलं. तो पंचायत समितीत वरिष्ठ लिपिक आहे. कुठल्याही कागदावर 'तपासून सादर' याच्या पलीकडे त्याने कधी मत लिहिलेलं नाही. हॉटेलात गेलो तर शेजारच्या टेबलावर काय आलंय ते पाहून तो तेच मागवतो. त्याने पंचवीस रुपयांचा मेसेज वाचला आणि घरात दरोडा पडल्यासारखा बाहेरच्या खोलीत आला.

"घरात जुगार चालू आहे?"

"रविवारीच," मी म्हटलं.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

मामाजींनी मान दुसरीकडे वळवली. आपल्याला दिसत नाही या गोष्टीचा त्यांनी तेवढा एकदा फायदा घेतला.

नवरा पेपरातल्या बातम्या घेऊन आला. त्या खोट्या नव्हत्या. मोबाइलवर खेळून घर विकलेली माणसं आम्हीही ऐकून होतो, त्यामुळे आम्हाला त्याच्यावर हसता येईना. शेवटी त्यानेच कागद काढला आणि नियमावली लिहिली: आठवड्यातून एक स्पर्धा, फी पंचवीस रुपये, बाहेर पडल्यावर दुसरी नाही, सोमवार ते शनिवार ॲप उघडायचं नाही. खाली आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. त्या घरात लिहिली गेलेली ती पहिली नियमावली आणि मी कबूल करते, चांगली होती. आम्ही ती कधी मोडली नाही. कागदावर सही केल्यावर आमच्या घरात कोणाची छाती होत नाही.

हळूहळू मामाजींनी मला चकित करायला सुरुवात केली. मी सगळं वाचून दाखवायची, पण ते माझ्यापेक्षा ॲपचे आवाज जास्त ऐकायचे. पत्ते फेकल्याचा सर्र आवाज, चिप्स ठेवल्याची खळखळ, आणि कोणी विचार करत बसला की वाजणारी टिकटिक. मी एकदा एका बऱ्या पत्त्यावर अडून बसले होते. समोरच्याने बराच वेळ घेऊन चिप्स वाढवल्या होत्या.

"फेक," मामाजी म्हणाले. "हा नाटक करून राहिला. मघाशी पत्ते नव्हते तं तीन टिकटिकीत फेकले. आता बारा टिकटिकी काऊन लागल्या?"

मी फेकलं नाही. समोरच्याकडे दोन राजे निघाले.

चौतीस वर्षं अंधारात रुळाच्या आवाजावरून डब्याला काय झालंय ते ओळखणारा हा माणूस. इथेही त्यांना कोण घाबरलाय, कोण थापा मारतोय, कोण खेळ चालू ठेवून जेवतोय, हे ऐकू यायचं. मला आकडे कळायचे, त्यांना माणसं कळायची. दोघं मिळून आम्ही एक बऱ्यापैकी खेळाडू झालो. माझ्या त्रेपन्नाला ते कधी "हाव", म्हणजे हो, म्हणू लागले, आणि त्यांच्या फेकला मी कधी मान देऊ लागले. सासू-सुनेच्या गोष्टी लोक चवीने ऐकतात. सासरा-सुनेचं कोणाला काही पडलेलं नसतं, म्हणून आमचं बरं चाललं.

मग तो रविवार आला. पावसाळा संपत आला होता. आम्ही बक्षिसाचा उंबरठा ओलांडला, मग तीस उरले, मग बारा, आणि शेवटच्या टेबलावर पोचलो. शेवटचं टेबल! स्क्रीनवर ढोल वाजला. नवरा झोपेतून उठून आला, म्हणाला, "आवाज कमी करा," आणि परत न जाता दारात उभा राहिला.

एकेक करत सहा उरलो. प्रत्येकाच्या नावाच्या जागी एक चित्र असतं. आमचं कमळाचं. दोन जणांकडे आमच्यापेक्षाही कमी चिप्स होत्या, एक मोटारसायकलवाला आणि एक सूर्यफूलवाला. सगळ्यांत जास्त चिप्स सिंहवाल्याकडे, आणि तो नेमका आमच्या लगेच पुढे बसलेला.

डाव आला. आमच्या आधीच्या चौघांनी पत्ते फेकले. आता फक्त आम्ही आणि आमच्यानंतर सिंहवाला. सक्तीच्या चिप्स मध्ये पडलेल्या. आम्ही सगळं लावलं आणि सिंहवाल्याने फेकलं, तर तो ढीग आमचा. त्याने फेकलं नाही, तर नशीब.

"काय आले?"

"चौकटचा एक्का, चिडीची सत्ती."

यापेक्षा काठावरचे पत्ते कोणी छापलेले नाहीत. मी दोन वर्षं ज्यावर व्याख्यानं दिली तो हाच डाव. वीस सेकंदांचं घड्याळ सुरू झालं.

"लाव," मामाजी म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"लाव म्हनलं. तो सिंहवाला पाच डाव झाले लगेच फेकून राहिला. त्याचं पोट भरलं हाय. आता तो कोनाच्या भानगडीत नाई पडत."

"मामाजी, दोघं आपल्यापेक्षा गरीब आहेत. ते आधी बाहेर जातील. आपण नुसतं बसलो तरी चौथे येऊ."

"मंग?"

"मग कशाला धोका?"

मामाजींनी माझ्याकडे तोंड केलं. दिसत नसताना त्यांनी इतकं नीट माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "काऊन घाबरून राहिली?"

दारातून नवरा म्हणाला, "राहू द्या ना बाबा."

आठ सेकंद. पहिल्या आणि चौथ्या बक्षिसातला फरक एका बऱ्या साडीइतका असेल. त्या साडीसाठी माझं काळीज असं उडत होतं, जणू कोणी मला रुळावर बांधलंय. "लाव, बाई," मामाजी पुन्हा म्हणाले, हळू.

मी फेकलं.

सर्र आवाज झाला. ढीग सिंहवाल्याकडे गेला. त्याच्याकडे काय होतं ते कधीच कळलं नाही, कारण असं जिंकल्यावर पत्ते दाखवावे लागत नाहीत. मामाजींनी पाण्याचा ग्लास चाचपून घेतला.

पुढच्याच डावात मोटारसायकलवाल्याने सगळं लावलं आणि त्याच्या चिप्स दुप्पट झाल्या. त्यानंतर सूर्यफूलवाल्याच्याही. आपण गरीब आहोत म्हणून आधी जायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. आठव्या डावाला आमच्याकडे इतकं कमी उरलं की मला राजा-चौकीवर सगळं लावावं लागलं, आणि सिंहवाल्याने एक टिकटिकही न होऊ देता ते घेतलं. आम्ही सहावे. स्पर्धा मोटारसायकलवाल्याने जिंकली.

"बरं झालं, काहीतरी तर मिळालं," नवरा म्हणाला आणि चहा मागितला.

रात्रभर नाही, पण सोमवारी अख्खा दिवस मी तो डाव तपासला. तीन वेगवेगळ्या पद्धतींनी. दोन म्हणाल्या लावायला हवं होतं, एक म्हणाली फेकणं चूक नाही. आणि फरक तिन्हींत इतका किरकोळ की कोणी मला दोषी धरू शकलं नसतं. काठावर असल्याचा हाच फायदा. तिथे घाबरलं तरी शहाणपणाचं प्रमाणपत्र मिळतं.

मंगळवारी मी मामाजींना ते प्रमाणपत्र दाखवायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काल-परवा तू माह्यावानी खेळलीस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे माह्यावानी. माह्यावानी एक मानूस हाय ना घरात. त्याचा पोरगाबी हाय. तिसरा कायले पाह्यजे?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"मागच्या साली देवरीकडल्या साळेत पक्की जागा होती. तू अर्ज केला. बोलावलं तं गेली नाईस. कायले? तं एका दिवसाचे तास बुडतेत अन् जागा कोनाची तरी ठरली असन. मले तवाच वाटलं, हे पत्त्यातच शूर हाय. आता पत्त्यातबी नाई."

असं कोणी तोंडावर बोलायचं नसतं. आमच्याकडे बोलतात. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

हिवाळ्यात सालेकसा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेची जाहिरात आली. गणित, एक जागा, कायम. मी अर्ज केला. कॉलेजातले म्हणाले, जागा सेट असते, कोणाची ते आधीच ठरलेलं असतं. नवरा म्हणाला, सेट असते, आणि मिळाली तरी रोज इतकं लांब जाणार कशी? मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा कळलं, एका जागेला सतरा उमेदवार. म्हणजे डोळे मिटून धरलं तर शंभरात सहासुद्धा नाही. त्रेपन्न तर राहू द्याच. पण या डावात जायला लागतं काय? रेल्वेचं तिकीट आणि एका दिवसाचे तास. इतक्या स्वस्तात कोणी टेबलावर बसू देत असेल तर बसायला हवं, हे मी दोन वर्षं मामाजींना शिकवत होते. तेच आता म्हणाले, "मी येतो संगं."

"तुम्ही कशाला, मामाजी?"

"गाडी माही हाय."

सकाळची गाडी भरलेली होती. गोंडांच्या कचारगडच्या जत्रेचे दिवस. पिवळे झेंडे, पिवळे फेटे, पोरंबाळं, डबे. एका म्हाताऱ्या बाईने मामाजींची काठी पाहून त्यांना खिडकीशी जागा दिली. त्यांनी तिच्याशी गोंडीत दोन-चार वाक्यं बोलून दाखवली. ती इतकी हसली की बहुतेक चूक बोलले असावेत. मी उभ्यानेच नोट्स पाहत होते. "आमगाव आलं," मामाजी म्हणाले, आणि मग अर्ध्या मिनिटाने गाडी हळू झाली.

शाळेत ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मला साडेबाराला आत बोलावलं. टेबलापलीकडे तिघं. एक संस्थेचे, एक मुख्याध्यापक, आणि एक तज्ज्ञ, जे झोपले होते. मला विचारलं, रोज गोंदियाहून येणार कशा? घरच्यांची परवानगी आहे का? मुलं किती? गणिताचा एकही प्रश्न नाही. मग मुख्याध्यापक म्हणाले, "कोणताही घटक पाच मिनिटं शिकवून दाखवा."

मी खडू घेतला. संभाव्यता घेतली. सवयीने लाल चेंडू काढायला हात गेला आणि थांबला. सोळा जणांनी चेंडूच काढले असतील. मी फळ्यावर चौकटचा एक्का काढला, शेजारी चिडीची सत्ती.

"समजा हे तुमच्याकडे आहेत," मी म्हटलं, "आणि समोर एकच माणूस उरलाय. त्याचे पत्ते तुम्हाला दिसत नाहीत. सगळं लावायचं की नाही?"

पाच मिनिटांची बारा झाली. समोरच्याकडे एक्का असण्याची शक्यता किती, मग माझ्याकडे एक एक्का आहे म्हणून ती कमी कशी होते, हे मी मांडत गेले. संस्थेचे गृहस्थ पुढे सरकून म्हणाले, "पण मॅडम, त्याच्याकडे जोडी असली तर?" मुख्याध्यापक म्हणाले, "जोडी क्वचित येते हो, सर." तज्ज्ञ जागे झाले आणि त्यांनी मला एका ठिकाणी दुरुस्त केलं. बरोबर दुरुस्त केलं. एवढ्या वर्षांत गणितावर माझ्याशी कोणी असं भांडलं नव्हतं.

शेवटी संस्थेचे गृहस्थ मागे रेलून म्हणाले, "मॅडमला पत्त्यांची बरीच माहिती दिसते."

टिकटिक नव्हती, पण मला ऐकू आली.

"हो, सर," मी म्हटलं. "रविवारी सासऱ्यांबरोबर खेळते. ते बाहेर बसले आहेत."

बाहेर आले तर मामाजी शिपायाला गाड्यांच्या वेळा सांगत होते. "काय झालं?"

"लावलं सगळं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि भूक लागल्याचं सांगितलं. आम्ही स्टेशनजवळ भजी खाल्ली. त्या दिवशी परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली आणि मी आमगावपर्यंत गाढ झोपले. निकाल लागायचा होता. तरी पत्ते फेकल्यावर आतून जे खरखरत राहतं, ते त्या दिवशी नव्हतं.

निकाल लागला. मी प्रतीक्षा यादीत पहिली. म्हणजे निवडलेल्या बाई आल्या नाहीत तर मी. त्या आल्या. त्या खरोखर हुशार आहेत, हे मला नंतर एका ओळखीतून कळलं. जागा सेट असते म्हणणाऱ्यांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे पडले. निकाल प्रामाणिक निघाला याचं एवढं दुःख मी कधी पाहिलं नव्हतं. मी अजून तिरोड्याला जाते, अजून तासांवर. यादीची मुदत संपली. पण आता मी जाहिराती वाचते आणि अर्ज टाकते, आणि बोलावलं तर जाते. आतापर्यंत तीन ठिकाणी गेले. मिळालं कुठेच नाही. गणित बरोबर आहे.

पुढच्या पावसाळ्यात सरकारने पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. एका सकाळी ॲप उघडलं तर त्यात फक्त एक निवेदन होतं. नवरा दिवसभर प्रसन्न होता. सरकार शेवटी त्याच्या मताचं झालं होतं. ॲपमध्ये आमचे थोडे पैसे अडकले होते. ते परत मिळवण्यासाठी लागणारे सगळे अर्ज त्यानेच भरले, ओळखपत्राच्या प्रती जोडून, तीन वेळा, आणि पैसे आले तेव्हा बँकेचा मेसेज बाबांना जोरात वाचून दाखवला. जुगाराच्या पैशाचा एवढा पाठपुरावा मी कधी केला नसता.

मामाजी मात्र दोन रविवार पुन्हा गेटच्या कडीकडे वळले. तिसऱ्या रविवारी मी दुकानातून मोठ्या आकड्यांचे पत्ते आणले. त्यांना तेही दिसेनात. तरी आम्ही खाटेवर चादर अंथरली, चिप्स म्हणून चिंचोके मोजून घेतले आणि खेळायला माणूस कमी पडतो म्हणून नवऱ्याला ओढून बसवलं. मामाजींचे पत्ते त्यांच्या कानात मलाच सांगावे लागतात, त्यामुळे मी खेळत नाही. मी पत्ते वाटते. म्हणजे बाप-लेकच एकमेकांसमोर.

पहिला डाव वाटला. मामाजींना सांगितलं: लालपानाची राणी, दश्शी. त्यांनी विचार सुरू केला. तेवढ्यात नवऱ्याने आपले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मध्ये लोटले.

"सगळे?" मामाजींनी आवाजावरूनच ओळखलं.

"सगळे."

"पत्ते पाह्यले का?"

"पाहतो ना नंतर."

या माणसाने तीस वर्षांत एका कागदावर 'मंजूर' लिहिलेलं नाही. मामाजी राणी-दश्शीवर बराच वेळ बसले. मी मनातल्या मनात टिकटिक मोजली, वीसच्या पुढे गेली. मग ते म्हणाले, "फेक," आणि नवऱ्याने पत्ते उलटे केले. दुर्री आणि चौकी. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने चिंचोके ओढून घेतले आणि विचारलं, चहा कोण करतंय.

तेव्हापासून तो प्रत्येक डाव असाच खेळतो, न पाहता, आणि तीनातले दोन जिंकतो. मामाजी म्हणतात, याला खेळ येत नाही. मी तक्ता काढायला घेतलाय, पण अजून काही हाती लागलेलं नाही. मागच्या रविवारी मामाजी इतके चिडले की त्यांनी चिंचोके पुन्हा मोजायला लावले. बारा कमी भरले. ते खाटेखाली सापडले.